भविष्यकाळाचा तास

दुपारचे अडीच वाजलेत. एप्रिलचं ऊन तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून आत येऊन थेट टेबलावर पडलंय आणि त्या उन्हात एक कागद आहे. विद्यापीठाच्या पाली विभागाच्या प्रमुख डॉ. हेमलता निकाळजे तासाभरापासून त्या कागदाकडे बघत बसल्यात. मजकूर जेमतेम पाच ओळींचा. पुरेसे विद्यार्थी मिळत नसल्यामुळे येत्या वर्षापासून हा विभाग बंद करावा, अशी विभागाचीच इच्छा आहे, असं त्यात लिहिलंय. खाली त्यांचं नाव छापलंय. नावाच्या वर सहीपुरती जागा मोकळी आहे. चार वाजता विद्या परिषदेची बैठक, त्याआधी कागद खाली पोचायला हवा.

विभाग म्हणजे ही एकच खोली. हेच कार्यालय, हाच वर्ग. कायम नोकरीत त्या एकट्याच उरल्यात. तासिका तत्त्वावरचे दोघं दिवाळीच्या आधीच सोडून गेले, एक विमा विकतो, दुसरी गावाकडं शिकवण्या घेते. गेल्या वर्षी तत्त्वज्ञान विभाग बंद झाला, तिथं आता काचेच्या भिंती आणि रंगीत खुर्च्या आल्यात. मराठी, संस्कृत आणि उर्दू एकत्र करून ‘भाषा संकुल’ अशी मोठी पाटी लावली आणि तिघांना मिळून एक दालन दिलं. कुणी कुणाला वाईट वागवलं असंही नाही. उपकुलसचिव कुलथे साहेब तर फार सभ्य माणूस. सकाळी स्वतः वर येऊन कागद देऊन गेले. म्हणाले, “मॅडम, आपणहून दिलंत तर सन्मानानं होईल सगळं.”

सहा वर्षं निकाळजे मॅडमनी पत्रं लिहिली, शिष्टमंडळं नेली, कॉलेजा-कॉलेजांतून फिरून मुलांना हात जोडले. आता त्यांना थकल्यासारखं झालंय. पेनाचं टोपण त्यांनी केव्हाच काढून ठेवलंय. कूलरची गार, ओलसर हवा मानेवर येते. त्या चष्मा काढतात, कोपरावर डोकं टेकतात. पाच मिनिटं, म्हणतात, आणि मग करून टाकू सही.

कूलर घरघरतो. घरघर जरा जड होते, खालून यायला लागते. टेबल थरथरतंय. त्यांना वाटतं, डोळे उघडावेत, पण ते उघडेच आहेत.

“मॅडम, पुढं सरका की जरा. मधी उभं राहू नका.”

त्या सरकतात. दोन्ही बाजूंना बाकं आहेत, मधून अरुंद वाट आहे आणि त्या वाटेत तुळशीराम पाईकराव उभे आहेत. खाकी सदरा इस्त्रीचा, खिशाला बिल्ला, पायांत मात्र घरातल्या चपला.

ते वारलेत, हे मॅडमना ठाऊक आहे. झोपेतसुद्धा ठाऊक आहे. गेल्या ऑगस्टमध्ये ड्यूटी संपवून हिंगोलीच्या आगारातल्या बाकावर बसले ते उठलेच नाहीत. मॅडम त्यांच्या घरी जाऊन आल्या होत्या. एसटीत एकतीस वर्षं वाहक आणि वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी एम. ए. पालीच्या पहिल्या वर्गात नाव घातलं. त्या वर्षी तिघांनी प्रवेश घेतला होता. दोघं स्पर्धा परीक्षेच्या क्लासला गेले ते पुन्हा दिसले नाहीत. पाईकराव मात्र आठवड्यातून तीनदा, ड्यूटी अदलाबदल करून, कधी अंगावरच्या खाकीनिशी येऊन पहिल्या बाकावर बसायचे. एवढ्या मोठ्या खोलीत एक बाई शिकवणारी, एक बाप्या शिकणारा.

“पाईकराव,” त्या म्हणतात, “तुम्ही इथं कसे?”

“माझीच गाडी हाय की. तुम्ही कशा, ते सांगा.”

गाडी चालू आहे. खिडक्यांबाहेर विद्यापीठाचं आवार जातंय, ग्रंथालय, पाण्याची टाकी, पुन्हा ग्रंथालय. मॅडम बसायला जागा बघतात. पण प्रत्येक बाकावर सुतळीनं बांधलेले पुस्तकांचे गठ्ठे आहेत. कोश, व्याकरणं, पिवळ्या पडलेल्या पानांचे ग्रंथ. त्यांना ते लगेच ओळखू येतात. मागच्या पावसाळ्यात हे ग्रंथालयाच्या तळघरात नेऊन ठेवले होते, वर जागा लागत होती म्हणून. एका गठ्ठ्याच्या कडा ओल आल्यासारख्या फुगल्यात.

“यांना कुठं नेताय?”

“ज्यानी त्यानी आपापला थांबा सांगितलाय. मी काय, बेल मारायचं काम.” पाईकराव एक गठ्ठा उचलून मांडीवर घेतात आणि मॅडमना खिडकीशी जागा करून देतात. “हातात काय तुमच्या?”

कागद त्यांच्या हातात आहे. उन्हानं तापलेला, तसाच. त्या तो पुढं करतात. पाईकराव हात लांब करून, मान मागं घेऊन वाचतात. ते नेहमी असंच वाचायचे. चष्म्याचा नंबर वाढलाय, असं त्या दर आठवड्याला सांगायच्या आणि ते दर आठवड्याला ‘पुढच्या पगाराला’ म्हणायचे.

“विभागाचीच इच्छा,” ते मोठ्यानं वाचतात. मग पुन्हा वाचतात. “कुणाची इच्छा, मॅडम?”

“लिहायची पद्धत असते ती.”

“तुमची हाय का?”

मॅडम खिडकीकडं तोंड वळवतात. बाहेर आता ग्रंथालय नाही, ज्वारीची कापलेली रानं आहेत.

“माझी तर नव्हती,” पाईकराव म्हणतात.

आणि मग मॅडमना राग येतो. आठ महिने साठून राहिलेला, ज्याच्यावर काढायचा तो माणूसच नाही म्हणून कुणावरच न काढलेला राग. “तुम्ही बोलू नका,” त्या म्हणतात. “तुम्ही गेलात! हजेरीपटावर एक नाव होतं, तेही गेलं. बैठकीत मला विचारतात, मॅडम, विद्यार्थी किती? काय सांगू मी? एक होता, तो वारला, असं सांगू? सांगितलं मी. हसले लोक. खाली मान घालून हसले.”

त्यांचा आवाज चढलाय. पुस्तकांचे गठ्ठे गाडीच्या हिसक्यानं एकदम डोलतात.

“आता मी काय मुद्दाम गेलो व्हय?” पाईकराव ओशाळून म्हणतात. “दुपारी जरा छातीत भरल्यावानी झालं. म्हणलं, बाकावर टेकावं दोन मिनिटं. वही काढली होती मी. रूपं पाठ करीत बसलो होतो. तेवढ्यात हे असं.”

“वही काढली होती?”

“तर! दुसऱ्या दिवशी तुमचा तास होता की.”

हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. राग होता तिथं एकदम पोकळी होते. त्या पदरानं डोळे पुसतात आणि पदर बाजूला करेपर्यंत गाडी थांबलेली असते.

बाहेर एक निवारा आहे, पत्र्याचा, एका बाजूनं उघडा. भिंतीवर गावाचं नाव आहे, हिवरखेडी. विभागातलंच लाकडी कपाट त्या निवाऱ्यात उभं आहे आणि त्याला टेकून तीन मुली बसल्यात, निळे ड्रेस, पांढऱ्या ओढण्या. कुणी वर बघत नाही. तिघी अभ्यास करतायत.

“ह्या बघा,” पाईकराव म्हणतात. “ह्या पोरींचं तुम्हाला सांगायचं राहिलं. लई वर्षांमागं सकाळी सातची फेरी होती माझ्याकडं, हिवरखेडीची. आडबाजूचं गाव. तीन पोरी, एक मास्तर, कधी एखादी म्हातारी दवाखान्याला. आगारात सारखं चालायचं, भारमान नाही, भारमान नाही. भारमान म्हणजे गाडी किती भरली ते. गाडी काही भरायची नाही.”

“मग?”

“मग आगारप्रमुखांनी एक कागद आणला. असाच. त्यात लिहिलेलं, गावकऱ्यांना ही फेरी नको हाय, वाहकाचा तसा अनुभव हाय. म्हणाले, पाईकराव, मार सही, तुझाही पहाटे उठायचा त्रास वाचंल. मी म्हणलं, साहेब, फेरी तुमच्या अधिकारात हाय. करा बंद. पण पोरींना गाडी नको हाय असं मी लिहून द्यायचं, तर उद्या सकाळी सातला त्या थांब्यावर येऊन उभ्या ऱ्हातेल. त्यांना काय तोंड दाखवू?”

“ऐकलं त्यांनी?”

“कुठलं ऐकतात! मला उचलून लांबच्या फेऱ्यांवर टाकलं. घर सोडून चार-चार दिवस. पण फेरी बंद करायची तर आता वर कारण लिहून पाठवावं लागणार होतं, स्वतःच्या सहीनं. ते कुणी लिहीना. ह्या टेबलावरून त्या टेबलावर कागद फिरत राहिला. तेवढ्यात पोरी दहावी झाल्या.”

ते बेलची दोरी ओढतात, टिंग टिंग. गाडी निघते. मॅडम मागं वळून बघतात, तर निवारा रिकामा आहे. तिघी मुली आता गाडीत, शेवटच्या बाकावर, वह्या मांडीवर घेऊन बसल्यात.

“वेगळं होतं ते,” मॅडम म्हणतात, पण आवाजात जोर नाही. “शाळेची गाडी कुणालाही पटते. पाली कशाला हवी, असं विचारतात लोक. काय उपयोग? काय नोकरी लागते? दर बैठकीत विचारतात.”

“मला बी विचारायचे. बायकोनं विचारलं, भावानं विचारलं, ड्रायव्हर तर रोज विचारायचा. रिटायर व्हायला आलास, आता कोणती बढती घ्यायचीय?”

“काय सांगायचात तुम्ही?”

पाईकराव मांडीवरचा गठ्ठा बाकावर ठेवून उठतात. ते पुढं चालत जातात आणि मॅडम त्यांच्यामागं. गाडी आत लांबत जाते. बाकं संपतात आणि एक स्वयंपाकघर लागतं. मातीनं सारवलेलं, कोपऱ्यात स्टोव्ह, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिला ताजा हार. खाली सतरंजीवर एक अगदी म्हातारी बाई हात जोडून बसलीय. ओठ हलतायत.

“आई,” पाईकराव हळू आवाजात म्हणतात. “ती बी गेली, माझ्याआधी दीड महिना. छप्पन साली तिच्या बापाच्या खांद्यावर बसून ती नागपूरला गेली होती. तवापासून रोज पालीतली वंदना म्हणायची. एक दिवस चुकवला नाही. पण अर्थ? लहानपणी मी विचारायचो, आई, ह्याचा अर्थ काय? ती म्हणायची, चांगलाच असंल की बाबा, बाबासाहेबांनी दिलंय ते.”

“हे तुम्ही प्रवेश घेताना सांगितलं होतं मला.”

“पुढचं नाही सांगितलं. वर्षभर तुमच्याकडं शिकलो आणि एक दिवस तिच्यापुढं बसलो. म्हणलं, तू म्हण, मी सांगतो. ती एक शब्द म्हणायची, थांबायची. मी अर्थ सांगायचो. ती पुढचा म्हणायची. संध्याकाळ झाली. सगळं झाल्यावर तोंड फिरवून बसली. मला वाटलं, रडते काय. तर मॅडम, ती रागावली होती.”

“रागावली? कुणावर?”

म्हातारी मान वर करते. तिचे डोळे पांढरट झालेत, पण ती बरोबर मॅडमकडेच बघते.

“एवढं सोपं हाय व्हय हे?” ती म्हणते. “मग आजवर कुणी सांगितलं का नाई आम्हाला?”

म्हातारी वाट बघते. मग पुन्हा हात जोडते आणि ओठ हलायला लागतात, पण आता सावकाश, एकेक शब्द चाचपून बघितल्यासारखे.

“हे त्या दुसऱ्या दिवशीच्या तासाला सांगणार होतो,” पाईकराव म्हणतात. “तुमचा काय उपयोग झाला ते. आता जाऊद्या. तास घ्या.”

“कसला तास?”

“राहिलाय की. वर्तमानकाळ झाला, भूतकाळ झाला. भविष्यकाळ उद्या घेऊ म्हणला होतात.”

ड्रायव्हरच्या पाठीमागं, जिथं काच असते, तिथं फळा आहे. मॅडम वळून बघतात. गाडी भरलीय. गठ्ठ्यांच्या सुतळ्या सुटल्यात, पुस्तकं उघडी आहेत आणि प्रत्येक उघड्या पुस्तकामागं कुणीतरी बसलेलं आहे. चेहरे नीट दिसत नाहीत. मागं तिघी मुली. दारात उभं राहून कुणी डोकावतंय. इतके विद्यार्थी त्यांनी अठ्ठावीस वर्षांत कधी एकत्र बघितले नव्हते.

त्यांना भीती वाटते, क्षणभरच. मग हात सवयीनं खडू शोधतो. खडू मिळतो.

“लक्ष द्या,” त्या म्हणतात आणि त्यांचा आवाज त्यांनाच नवा वाटतो, पहिल्या वर्षी शिकवायला उभ्या राहिल्या होत्या तेव्हासारखा. “पठ् म्हणजे वाचणं, शिकणं. आपल्या ‘पाठ’मध्ये आहे तोच. तुम्हाला ही भाषा परकी वाटते, पण ती तुमच्या तोंडात आहे. पालीत हत्थ म्हणतात, तुम्ही हात म्हणता. कण्ण, कान. सत्त, अट्ठ. पाईकराव, सांगा.”

“सात, आठ,” पाईकराव पहिल्या बाकावरून म्हणतात. ते केव्हा बसले, दिसलं नाही. “मागं सरका, सात, आठ, अजून दोघं बसतील.”

गाडी हसते. सगळी गाडी.

मॅडम फळ्यावर उभ्या-आडव्या रेघा मारतात. सहा घरं. “तो शिकेल, पठिस्सति. ते शिकतील, पठिस्सन्ति. तू शिकशील, पठिस्ससि. तुम्ही शिकाल, पठिस्सथ.” प्रत्येक रूप लिहिल्यावर मागून घोष येतो, आणि त्या घोषानं खिडक्यांची तावदानं वाजतात. “मी शिकेन, पठिस्सामि.” एक घर रिकामं राहतं. “आता आम्ही. आम्ही शिकू. कोण लिहितंय?”

पाईकराव उठतात. खडूसाठी हात पुढं करतात. मॅडमच्या हाताला त्यांचा हात लागतो. गार नाही, ऊनही नाही, नुसता खरखरीत आहे, रोजचा.

“मॅडम,” ते म्हणतात, “विद्यार्थी किती म्हणून विचारलं की, एक होता म्हणू नका.”

“मग काय म्हणू?”

ते फळ्याकडं वळलेत. काहीतरी म्हणतात, पण तेवढ्यात बेल वाजते, एकदा, दोनदा, मग थांबतच नाही. गाडी घाटाला लागावी तशी तिरकी होते आणि सगळी पुस्तकं एकदम—

फोन वाजतोय.

मॅडम डोकं उचलतात. कोपर बधिर झालंय, गालावर पेनाचा वळ आहे. सव्वातीन. कागद समोर, तसाच बिनसहीचा. त्या फोन उचलतात.

“मॅडम, कुलथे बोलतोय. कागद पाठवताय ना? फाइल बांधायचीय.”

“नाही.”

“म्हणजे? पाच मिनिटांनी माणूस पाठवू का?”

“म्हणजे सही करत नाही मी.” घसा बसलाय, दोन तास शिकवल्यासारखा. त्या खाकरतात. “विभागाची अशी इच्छा नाही, कुलथे साहेब. माझी नाही आणि माझ्या विद्यार्थ्यांचीही नव्हती. खोटं आहे ते. खोट्यावर मी सही करणार नाही.”

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज येतो. “मॅडम, ठराव विभागाच्या विनंतीवरून म्हणून ठेवलाय. तुमची विनंतीच नसेल, तर विद्यापीठाला स्वतःहून बंद करावा लागेल. कारणं द्यावी लागतील. तळाला कुणाची तरी सही लागेल.”

“लागू द्या. ज्याला बंद करायचाय, त्यानं स्वतःच्या नावानं लिहावं, की या विद्यापीठात पाली शिकवायची आम्हाला गरज वाटत नाही. एवढं एक वाक्य लिहा आणि खाली सही करा. मी चार वाजता येतेय. सगळ्यांसमोर विचारणार आहे, कोण करतंय सही.”

“असं कसं... बघा, मग आजचा विषय मागं घ्यावा लागेल.” कुलथे साहेबांचा आवाज खाली येतो. “पुढची बैठक ऑगस्टमध्ये. तोवर जूनचे प्रवेश सुरू होतील, मॅडम.”

“तेच म्हणतेय मी,” त्या म्हणतात. “सुरू होतील.”

त्या फोन ठेवतात. एवढं बोलायची सवय मोडली होती. कागद त्या मधोमध दुमडतात, पुन्हा दुमडतात आणि पर्समध्ये टाकतात, बैठकीत वाचून दाखवायला. चष्मा लावतात. उठून खुर्ची मागं सारतात आणि दाराकडं वळतात, तर दाराशेजारच्या भिंतीवर फळा आहे.

ऑगस्टपासून त्या फळ्यावर कुणी लिहिलेलं नाही. सोमवारीच त्यांनी ओल्या फडक्यानं तो पुसला होता, धूळ फार दिसते म्हणून. आता त्यावर सहा घरं आहेत. पाच घरांतलं अक्षर त्यांचं स्वतःचं, बारीक, उजवीकडं झुकलेलं. झोपेत उठून लिहिलं असेल, त्या मनाशी म्हणतात. लोक झोपेत चालतात, झोपेत बोलतात.

पण सहावं घर ‘आम्ही’चं आहे. त्यातलं अक्षर जाड आहे, खडू दाबून दाबून काढलेलं, एसटीच्या पाटीवर गावाचं नाव रंगवतात तसं ठसठशीत, आणि वरची रेघ सगळ्यात शेवटी एका दमात ओढलेली. घरात मावलेलं नाही ते. चौकट ओलांडून पार कडेपर्यंत गेलंय.

पठिस्साम.